हार्डवेअर बँडविड्थ मॉनिटरिंगच्या कर्नल इंटरफेसचं डॉक्युमेंटेशन रिव्ह्यू करताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सच्या रेसकंट्रोलमध्ये (कॅश आणि मेमरी बँडविड्थची वाटणी-मोजणी करणारा कर्नलचा भाग) मेमरी बँडविड्थ मोजायच्या नव्या सोयीचे पॅच, म्हणजे कोडमधले प्रस्तावित बदल, आलेत, त्यातलं डॉक्युमेंटेशन तुमच्याकडे रिव्ह्यूला आहे, आणि प्रोसेसरच्या आतलं तुम्हाला फारसं माहीत नाही. मग शुद्धलेखनापलीकडे बघायचं काय?

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधी हे लक्षात घ्या की हा मजकूर वाचून कुणीतरी पार्सर, म्हणजे ती फाइल वाचून अर्थ लावणारा प्रोग्रॅम, लिहिणार आहे. कर्नल रिलीज झाला आणि लोक त्या फाइलवर विसंबले, की युजरस्पेस (कर्नलबाहेरचे, त्यावर चालणारे प्रोग्रॅम) मोडायचं नाही हा नियम लागू होतो. आज फाइलचं नाव, फॉरमॅट, एरर, सगळं बदलता येतं. नंतर हातात फक्त वाक्यं सुधारणं उरतं. त्यामुळे डॉक्युमेंटेशनच्या नावाखाली तुम्हाला खरं तर इंटरफेसच तपासायचा आहे, आणि तेही स्वस्तात तपासता येण्याच्या शेवटच्या टप्प्यावर.

पार्श्वभूमी दोन ओळीत. रेसकंट्रोल ही फाइलसिस्टम आहे, त्यातली प्रत्येक डिरेक्टरी म्हणजे टास्कचा किंवा सीपीयूंचा एक ग्रुप. कॅशचं वाटप 4.10 मध्ये आलं, मॉनिटरिंग 4.14 मध्ये. हार्डवेअर प्रत्येक ग्रुपची रहदारी आरएमआयडी नावाच्या क्रमांकावर टिपतं, आणि तुम्ही ग्रुपच्या मॉनिटरिंग डिरेक्टरीतली ‘एमबीएम_टोटल_बाइट्स’ (एकूण रहदारी) किंवा ‘एमबीएम_लोकल_बाइट्स’ (फक्त जवळच्या मेमरीची रहदारी) ही फाइल वाचता.

आता पहिला प्रश्न: ‘ही फाइल वाचल्यावर काय काय येऊ शकतं?’ नवखा म्हणेल, आकडा. पण तिथे ‘अनअव्हेलेबल’ येऊ शकतं, ‘एरर’ येऊ शकतं, आणि काउंटर हाताने नेमून द्यायच्या नव्या मोडमध्ये ‘अनअसाइन्ड’ही. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘अनअसाइन्ड’ म्हणजे या ग्रुपला काउंटरच दिलेला नाही, तुम्ही काही केल्याशिवाय आकडा येणार नाही. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे हार्डवेअरकडे आत्ता आकडा नाही, पुढच्या वेळी कदाचित असेल. डॉक्युमेंटेशनने हा फरक केला नाही, तर कुणीतरी तिन्ही शब्द शून्यात बदलून आलेख काढेल, आणि तो आलेख बघून कुणीतरी म्हणेल, ‘या ग्रुपला मेमरी लागतच नाही.’

याला जोडूनच दुसरी गोष्ट. काही एएमडी प्रोसेसरवर आरएमआयडी भरपूर असतात, पण एका वेळी मोजदाद त्यातल्या मोजक्यांचीच होते. मागे पडलेल्या आरएमआयडीकडे हार्डवेअर पुन्हा वळलं की मोजणी शून्यापासून. म्हणजे दोन वाचनांची वजाबाकी निरर्थक निघू शकते. नेमून दिलेल्या काउंटरचा मोड त्यासाठीच आला. मजकुरात नुसतं ‘नवा मोड अधिक अचूक आहे’ असं असेल तर थांबवा आणि विचारा: जुन्या मोडमध्ये नेमकं काय चुकतं, आणि वापरणाऱ्याला ते कळणार कसं?

उलट काही तपशील मजकुरात नसलेलेच बरे. इंटेलच्या काही प्रोसेसरवर हार्डवेअर काउंटर मुळात 24 बिटांचा आहे, त्यामुळे तो लवकर भरतो. कर्नल दर सेकंदाला डोकावून ते सांभाळतो. वापरणाऱ्याला फक्त ‘हा आकडा वाढत जाणारा आहे आणि ओव्हरफ्लोची काळजी तुम्ही करू नका’ एवढंच हवं. बिटांची कथा कोडमधल्या कमेंटमध्ये शोभते.

फॉरमॅट मात्र भिंगाखाली धरा. काउंटर नेमायच्या फाइलमध्ये ओळ साधारण अशी असते: ‘एमबीएम_टोटल_बाइट्स:0=ई;1=_’. म्हणजे डोमेन 0 मध्ये (डोमेन म्हणजे एकच कॅश वाटून घेणाऱ्या सीपीयूंचा गट) काउंटर दिला, डोमेन 1 मधला काढला. दिसायला सोपं. आता लिहिणाऱ्याच्या बाजूने विचार करा. डोमेन 1 चा उल्लेखच केला नाही तर तो आहे तसा राहतो का? डोमेन 0 ला काउंटर मिळाला आणि 1 मध्ये शिल्लकच नव्हता, तर पहिला तसाच राहतो की सगळं मागे घेतलं जातं? कारण कुठे दिसेल, शेवटच्या कमांडचा निकाल सांगणाऱ्या ‘लास्ट_सीएमडी_स्टेटस’ फाइलमध्ये का? वाचताना दिसणारी ओळ जशीच्या तशी परत लिहिली तर चालते का? यातल्या ज्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात नाही, तो सरळ कमेंट म्हणून टाका. यासाठी प्रोसेसरचं मॅन्युअल उघडायची गरज नाही.

आणखी एक सापळा बेरजेचा. कंट्रोल ग्रुपच्या आत मॉनिटरिंग ग्रुप केले, तर बाहेरच्या ग्रुपचा आकडा आतल्या सगळ्यांना धरूनच येतो. आतले-बाहेरचे मिळून बेरीज केली की दुप्पट मोजलं. हे मजकुरात कुठेतरी असतंच, पण पाच परिच्छेद वर. नव्या भागात उदाहरण असेल तर तिथेच एक वाक्य मागून घ्या.

डिरेक्टरी काढून टाकल्यावर तिचा आरएमआयडी लगेच मोकळा होत नाही, हेही असंच. कॅशमध्ये त्याच्या खुणेचा डेटा अजून असतो. तो ओसरेपर्यंत नवी डिरेक्टरी करताना ‘बिझी’ची एरर येऊ शकते. लोक याला बग समजतात, म्हणून उल्लेख हवाच.

उदाहरणं स्वतः चालवून बघा. तसं मशीन नसेल तर निदान आउटपुट कोडमधल्या प्रिंटच्या ओळीशी ताडून घ्या. पॅचच्या पाचव्या आवृत्तीत फाइलचं नाव बदलतं आणि उदाहरणात जुनंच राहतं, हे नेहमीचं आहे. एकदा ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ (डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल पानं बनवणारी कमांड) चालवा, कारण इंडेंटेशन जरा हललं की एचटीएमएलमध्ये निम्मा तक्ता गायब होतो आणि डिफमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही.

कमेंट लिहिताना ‘हे अस्पष्ट आहे’ यावर थांबू नका. तुम्हाला काय अर्थ लागला ते लिहा आणि पर्यायी वाक्य द्या. तुमचा अर्थ चुकला असेल तर लेखकाला लगेच दिसेल की वाक्य कुठे घसरतं. फक्त उदाहरणं चालवली असतील तर पॅचवर ‘टेस्टेड-बाय’ ही तुमच्या नावाची ओळ द्या. मजकूर आणि वागणूक दोन्ही जुळतात याची स्वतः खात्री झाली असेल तरच ‘रिव्ह्यूड-बाय’. हार्डवेअरचा भाग तपासला नसेल तर तसं उत्तरात एका ओळीत लिहून टाका, मेंटेनर तो भाग दुसऱ्या कुणाकडे देतील.