काम करू देणारा कागद

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना दोनदा वाचला. त्यात अमेरिकेचे व्हिसे आहेत: के-१ (होणाऱ्या बायकोचा) आहे, बी-२ (पर्यटकाचा) आहे, सीआर-१ (लग्न झालेल्या बायकोचा) आहे. तुझ्या होणाऱ्या अमेरिकन नवऱ्याच्या आईला जूनमध्ये ओहायोत लग्न हवंय हे आहे, 'टूरिस्ट व्हिसावर जा, तिथेच लग्न कर, मग बघू' हा तुझ्या आत्याचा सल्लाही आहे. तुझ्या कामाबद्दल मात्र एक ओळ नाही. साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकलीस, लोकांचे गुडघे चालते केलेस, आणि तिकडे पोचल्यावर तू करणार काय, हा प्रश्न तुम्हा दोघांनाही पडलेला नाही. मला तोच आधी पडतो. म्हणून माझं म्हणणं आत्ताच सांगते: ज्या कागदावर उतरल्या दिवसापासून काम करता येतं, त्याच कागदावर विमानात बस.

आत्याचं आधी निकालात काढू. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहायला चाललाय असं अमेरिकेचा कायदा धरूनच चालतो. तसं नाही हे आपण पटवायचं असतं. तिकडे जाऊन लग्न करून परत येण्यात काही गैर नाही. पण राहायचा बेत पोटात ठेवून खिडकीपाशी 'फिरायला जातेय' म्हणणं हे खोटं झालं, आणि तो ठपका एकदा बसला की आपोआप पुसत नाही. माफीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं. आत्याला माझा नमस्कार सांग आणि हा विषय बंद कर.

आता के-१, म्हणजे त्याचा लाडका. त्याने आय-१२९एफ हा होणाऱ्या बायकोसाठीचा अर्ज भरायचा, गेल्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटलात याचा पुरावा जोडायचा (तो दिवाळीत येऊन गेला, तेव्हा ते जमेल), मुंबईत तुझी मुलाखत, आणि पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न. इथपर्यंतच त्याने तुला सांगितलेलं दिसतंय. पुढचं मी सांगते. लग्नानंतर ग्रीन कार्डासाठी आय-४८५ भरायचा. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी १,४४० डॉलर झाली. कामाच्या परवान्याचा अर्ज वेगळा, त्याचे पैसे वेगळे, आणि तो हातात पडायला कित्येक महिने जाऊ शकतात. तोवर एक डॉलर कमवायचा नाही. प्रवासाची परवानगी यायच्या आत देश सोडलास तर ग्रीन कार्डाचा अर्ज तूच सोडून दिलास असं धरतात. म्हणजे इथे बाबांना दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर तू तिथे फोन कानाला लावून बसणार. हे तुला चालणार आहे का? मला तर वाचूनच घाम फुटला.

सीआर-१ मध्ये लग्न आधी आणि इथे करायचं. तो हिंदू नाही, तेव्हा १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला की पुरतं, आणि तू पुण्यातच आहेस. नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सह्या. मग तो आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे नेण्याचा अर्ज, भरेल. वर्ष जाईल, कदाचित जास्तच. पण तू उतरशील ती कायम रहिवासी म्हणून. दुसऱ्या दिवशी नोकरी धरलीस तरी कुणी हरकत घेणार नाही. उतरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ते कायम करून घ्यायचा अर्ज, आय-७५१, भरावा लागतो. त्यासाठी घराचा करार, बँकेचं खातं, विमा दोघांच्या नावावर ठेवा.

'काकू, आणखी एक वर्ष लांब?' असं तू म्हणणार. हो, लांब.

मी १९९० च्या दशकात नवऱ्यामागे न्यू जर्सीला गेले ती एच-४ वर, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्याच्या बायकोच्या व्हिसावर. इथे मी स्लॅबची सळई स्वतः तपासल्याशिवाय काँक्रीट ओतू द्यायची नाही. मुकादम मला टरकून असायचे. तिकडे मला नोकरी-पगाराला लागणारा सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा नव्हता. एच-४ वाल्यांपैकी काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ मध्ये, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापुढे गेलं असेल तरच. शिकायला बंदी नव्हती, पण एका पगारात परदेशी विद्यार्थ्याची फी कुठून आणायची? मी गणपतीचं मखर केलं. ते इतकं भक्कम झालं की विसर्जनानंतर चार जणांना ते सुटेना. लोक हसले, मीही हसले, आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले.

मग मी परत आले. एकटी. जुन्या ऑफिसात पुन्हा लागले, आणि नवरा तिकडे, मी इकडे असा आमचा संसार काही वर्षं चालला. सासरी 'हिला संसार नको, साइट हवी' असं बोललं गेलं. बोलू देत. महिन्याचे फोनचे बिल बघून माझे सासरे हादरायचे, पण त्या फोनवर आम्ही जितकं बोललो तितकं एका घरात राहून बोललो नव्हतो. मी आडमुठी आहे असं तुझी आईही म्हणते. असेन. पण लांब राहण्याने माणसं तुटतात हे मला कुणी शिकवू नये. एकाच्या कमाईकडे दुसऱ्याने हात पसरून जवळ राहण्याने काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून पुन्हा तेच: काम करू देणारा कागद.

तोच पुण्याला आला तर, हे तू कंसात लिहिलंयस. त्यालाही मी हाच नियम लावणार. भारतीयाचा नवरा म्हणून त्याला एंट्री व्हिसा मिळेल, पण त्यावर लगेच नोकरी धरता येत नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला इथे राहू आणि काम करू देणारं कार्ड, त्यासाठी अर्ज करायला नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं पुरी व्हावी लागतात. तोवर तो अमेरिकेतलं काम इथून करू शकतो का, त्याचा कर कुठे भरायचा, हे त्याने शोधावं. तू त्याच्यासाठी शोधत बसू नकोस.

वर्षभर थांबायचं म्हणजे कॅलेंडर बघत बसायचं नाही. तिकडे फिजिओथेरपिस्टला ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना लागतो. आता तिथे डॉक्टरेटवाले बाहेर पडतात, म्हणून तुझ्या पदवीतले विषय त्यांच्याशी ताडून बघतात, कमी पडले तर भरून घ्यायला लावतात, आणि मग राष्ट्रीय परीक्षा. हे सगळं व्हिसापेक्षा जास्त वेळ खाऊ शकतं. कॉलेजकडून गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाच्या सही-शिक्क्याच्या प्रती या आठवड्यातच मागायला लाग. तिथला कारकून एका खेपेत देणार नाही, तेव्हा डबा घेऊन जा.

त्याच्या आईशी त्याने बोलायचं, तू नाही. जूनमध्ये तिकडे पाहुण्यांना जेवण द्यायचं असेल तर खुशाल द्यावं. तुम्ही दोघं फोटोत नसलात तरी केक संपेल. आणि तो पुढच्या वेळी येईल तेव्हा जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र बरोबर आणायला सांग. नोंदणी कार्यालयाला आणखी काय काय लागतं ते आधी स्वतः जाऊन विचारून ये, नुसता फोन करू नकोस. साक्षीदारांत माझं नाव घाल. आधारकार्डाची प्रत तुझ्या आईकडे देऊन ठेवते.

तुझी,
काकू