दोन लाइन, एक राउटर : बँकेची साइट मध्येच बाहेर का काढते?

प्रश्न : आमच्या ऑफिसात २० कॉम्प्युटर आहेत. १०० आणि ५० एमबीपीएसच्या दोन फायबर लाइन मायक्रोटिक राउटरवर पीसीसीने (प्रत्येक कनेक्शन कुठल्या लाइनने जाईल ते ठरवणाऱ्या पद्धतीने) जोडल्या आहेत. वर्गवारी 'बोथ-अ‍ॅड्रेसेस-अँड-पोर्ट्स' आहे. बँकेच्या साइटवर लॉगिन केलं की दोन-तीन क्लिकमध्ये सेशन संपतं. शिवाय पहिली लाइन गेली की आयपी फोन मुका होतो, तो राउटर रीस्टार्ट करेपर्यंत. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ब्राउझर एकाच साइटसाठी अनेक कनेक्शन उघडतो आणि प्रत्येकाचा सोर्स पोर्ट (कॉम्प्युटरच्या बाजूचा कनेक्शनचा क्रमांक) निराळा असतो. तुमच्या वर्गवारीत पोर्टही धरला जातो, त्यामुळे एकाच माणसाची काही कनेक्शन या लाइनने जातात, काही त्या. बँकेला एका लॉगिनमागे दोन सार्वजनिक पत्ते दिसतात, म्हणून ती सेशन तोडते. 'बोथ-अ‍ॅड्रेसेस' (पोर्ट सोडून फक्त दोन्ही टोकांचे पत्ते) केल्याने त्रास कमी होईल, पण थांबेलच असं नाही. लॉगिन आणि पेमेंटचे सर्व्हर वेगळ्या पत्त्यांवर असू शकतात. तुम्ही सरळ 'एसआरसी-अ‍ॅड्रेस' घ्या, म्हणजे फक्त कॉम्प्युटरचा पत्ता धरला जाईल : एक कॉम्प्युटर, एक लाइन. भाजक ३ ठेवा. भागाकारात बाकी ० किंवा १ उरली तर मोठ्या लाइनला, २ उरली तर छोट्या लाइनला. वाटणी तंतोतंत होणार नाही आणि एका कनेक्शनवरच्या डाउनलोडला १५० एमबीपीएस मिळणार नाहीत. ते कुठल्याच पीसीसीत मिळत नाहीत.

एक हमखास राहून जाणारी गोष्ट : फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (चालू कनेक्शनची पॅकेट तपासणी टाळून झटपट पुढे सोडणारा) नियम बंद करा. फास्टट्रॅक झालेली पॅकेट मँगल (पॅकेटवर खुणा करणारे नियम) टाळून जातात, त्यांना राउटिंग मार्क (कुठल्या लाइनने जायचं ती खूण) लागत नाही आणि ती भलत्याच लाइनवर पडतात.

आता फोन. नॅटचे (आतल्या पत्त्याऐवजी लाइनचा पत्ता लावणारे) नियम कनेक्शनच्या फक्त पहिल्या पॅकेटला लागतात. तेव्हा मिळालेला पत्ता कनेक्शन ट्रॅकिंगच्या नोंदीत बसतो आणि पुढची सगळी पॅकेट त्याच नोंदीवर चालतात. दोन्ही बाजूंनी बोलणं झालेली यूडीपी (फोन पॅकेट पाठवायला वापरतो ती पद्धत) नोंद ३ मिनिटं काहीच हालचाल नसेल तर पुसली जाते. फोन मात्र त्याआधीच, समजा दर ३० सेकंदांनी, पॅकेट पाठवतो, म्हणून नोंद जिवंतच राहते. लाइन बदलली तरी पॅकेटवर जुन्या लाइनचाच पत्ता असतो, मग उत्तर येणार कुठून? मास्करेड (लाइनचा चालू पत्ता आपोआप लावणारा नॅटचा प्रकार) अशा नोंदी पुसतं, पण इंटरफेस पडल्यावर. फायबर रस्त्यावर तुटली तरी तुमच्या टेबलावरचा ओएनटी (फायबरचा मोडेम) चालूच असतो, म्हणून इंटरफेस पडत नाही.

याच कारणाने 'चेक-गेटवे पिंग'ही (गेटवे, म्हणजे राउटरच्या पुढचं उपकरण, जिवंत आहे का हे पाहणारी तपासणी) फसतं : ते ओएनटीलाच विचारतं. त्याऐवजी रिकर्सिव्ह रूट (इंटरनेटवरच्या दूरच्या पत्त्याला गेटवे मानणारा मार्ग) करा. राउटरओएस ७ (मायक्रोटिकची प्रणाली) मध्ये ८.८.८.८/३२ चा (गूगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) रूट पहिल्या लाइनच्या गेटवेवरून, स्कोप १०. डिफॉल्ट रूटचा (इंटरनेटकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचा) गेटवे ८.८.८.८, टार्गेट-स्कोप ११, चेक-गेटवे पिंग. पीसीसीच्या राउटिंग टेबलमधले डिफॉल्ट रूटही असेच बदला. दुसऱ्या लाइनला १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा डीएनएस) द्या. हे पत्ते ऑफिसच्या डीएनएसमध्ये मात्र ठेवू नका. ती लाइन पडली की तो डीएनएसही पडेल.

शेवटी नेटवॉचने (एखादा पत्ता जिवंत आहे का हे पाहणाऱ्या राउटरमधल्या सोयीने) ८.८.८.८ वर नजर ठेवा आणि त्याच्या 'डाउन' स्क्रिप्टमध्ये ५०६० पोर्टच्या (आयपी फोन सहसा वापरतो तो) कनेक्शन नोंदी पुसा. फोनचं पुढचं पॅकेट नवी नोंद उघडेल आणि चालू लाइनचा पत्ता घेईल. राउटरला हात लावावा लागणार नाही.