फ्लॅटमध्ये तबल्याचा रियाज: आधी खालच्या घरी जाऊन ऐका

तुम्ही विचारलंय की कांदिवलीच्या वन बीएचकेत तबल्याचा रियाज करताना खालचे शेजारी सारखी तक्रार करतात, तर भिंतींना फोम लावून उपयोग होईल का. फोमवर पैसे घालवू नका. मी भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहतो, याच घरात ९ वर्षं तबला वाजवतोय. पहिली २ वर्षं आमच्याही दाराची बेल वाजायची.

एका रविवारी धाकट्या भावाला माझ्या जागी वाजवायला बसवलं आणि मी खालच्या काकूंकडे जाऊन ऐकलं. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवर वाजणारा, ‘ना’ हा बोल तिथे जेमतेम पोचत होता. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताने वाजवतात त्या खर्जातल्या वाद्याचा, प्रत्येक ‘घे’ मात्र छतावर कुणी मुसळ आपटावं तसा येत होता, आणि तोही नेमका त्यांच्या पलंगाच्या वर. काका रेल्वेत, रात्रपाळी करून सकाळी ८ ला झोपणार. सुट्टीच्या दिवशी माझा रियाज सुरू व्हायचा ९ ला. तोवर मला वाटायचं, यांना संगीताचं वावडं आहे. पण वरचं संगीत खाली पोचेपर्यंत त्याचे नुसते ठोके उरत होते. मला फार वाईट वाटलं.

आवाज हवेतून जातो तसाच स्लॅबमधूनही जातो. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज पलीकडे जायचा थांबवत नाही. १०० हर्ट्‌झच्या खर्जाच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. २ इंची फोम तिच्यापुढे काय करणार? बऱ्याच नव्या इमारतींत भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात, त्यामुळे एका ठिकाणचा ठोका लांबवर फिरतो.

म्हणून जमिनीपासून सुरुवात करा. व्यायामशाळेत घालतात ती जाड रबरी चटई खाली, तिच्यावर घडी घातलेली जुनी कापसाची गादी, आणि गादीवर जाड प्लायवूडचा तुकडा. प्लायवूड नसेल तर चुंबळी रुततात, तबला-डग्ग्याची जोडी डुगडुगते आणि हाताची बैठक बिघडते. प्लायवूडवर सतरंजी घालून तुम्हीही तिथेच बसायचं. प्लायवूडची कड भिंतीला किंवा उघड्या फरशीला कुठेही टेकू देऊ नका, नाहीतर ठोक्याला पुन्हा वाट मिळते. हे केल्यावर मी परत खाली जाऊन ऐकलं. ‘घे’ येत होता, पण काकू म्हणाल्या, “आता टीव्ही लावला की कळतसुद्धा नाही.” शेजारच्या भिंतीला ज्यांचा पलंग असेल, त्या भिंतीपासूनही दूर बसा. सरकत्या खिडक्यांच्या फटीतून बराच आवाज बाहेर जातो, तेव्हा तेवढा वेळ त्या घट्ट लावून घ्या.

लेहरा, म्हणजे तालाच्या साथीला सारखी फिरणारी सुरावट, हेडफोनवर ऐका. शेजाऱ्यांना एकच आवर्तन तासभर ऐकायला लागलं की भल्याभल्यांचा जीव नकोसा होतो.

आता वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. म्हणजे पहाटे ५ चा रियाज, ज्याचं आपल्याकडे इतकं महत्त्व, तो नियमाने रात्रीत मोडतो. पण दिवसा वाजवायला हरकत नाही म्हणून दुपारी २ ला बसू नका. घरातली म्हातारी माणसं तेव्हाच आडवी होतात. मी संध्याकाळी ७ ला बसतो. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, खाली खेळणारी मुलं, या सगळ्यात तबला मिसळून जातो. जुलैत पत्र्यांवर धो धो पाऊस असला की आणखी मोकळेपणाने वाजवता येतं. फक्त दमट हवेने पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडून सूर उतरतो, तो चढवायला हातोडी जवळ ठेवा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत मी जोडीवर अर्ध्या तासाच्या वर बसत नाही.

उरलेला रियाज आवाजाशिवाय होतो, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. जाड रबराच्या तुकड्यावर संथ लयीत कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घ्या. त्यात नाद मिळत नाही, पण बोटांचा समतोल आणि दम तयार होतो. पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा, हातावर ताल धरून, हलक्या आवाजात. कायद्याचा जो पलटा, म्हणजे बोल फिरवून केलेला प्रकार, तोंडात अडखळतो तो हातातही अडखळतोच. तबल्यावर रुमाल टाकून वाजवणं मी सोडून दिलं. त्यात चाटेचा नाद मरतो आणि तो काढायला आपण नकळत जास्त जोर लावू लागतो. ती सवय मोडायला मला कित्येक महिने लागले.

काका घरी झोपलेले असले की काकू आता व्हॉट्सॲपवर ‘आज घरी’ एवढंच लिहितात. त्या दिवशी मी रबरावर बसतो. तुम्हीही नंबर देऊन या, पण त्याआधी घरातल्या कुणाला तरी डग्ग्यावर बसवून खाली पाच मिनिटं ऐका. पलंग कुठल्या कोपऱ्यात आहे तेही तेव्हाच बघून घ्या, चटई कुठे घालायची ते त्यावर ठरेल.