नलला 'निरंक' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की डेटाबेसमधल्या नलला (NULL, म्हणजे किंमत भरलेलीच नाही अशी खूण) मराठीत 'निरंक' म्हटलं तर चालेल का, आणि मग एम्प्टी स्ट्रिंगला (एकही अक्षर नसलेल्या मजकुराला) काय म्हणायचं. निरंक शब्द माझा फार आवडता आहे पण नलला नको, तो नेमका उलट्या बाजूचा आहे.

सरकारी तक्त्यात निरंक कधी लिहितात? बघितलं, मोजलं, काहीच निघालं नाही, तेव्हा. म्हणजे ते उत्तर झालं. रकाना कोरा सोडला की तक्ता परत येतो, कारण कोऱ्या रकान्यावरून कळतच नाही की खरंच काही नाहीये का भरायचं राहून गेलंय. तो कोरा रकाना म्हणजे नल, आणि निरंक म्हणजे एम्प्टी स्ट्रिंग (आकड्यांच्या कॉलममधे शून्य). एखाद्याला मधलं नावच नाही तिथे एम्प्टी स्ट्रिंग, विचारायचंच राहिलं तिथे नल.

'रिक्त' पण काहीजण वापरतात, तो शब्द दोन्हीकडे जातो. रिक्त संचात काही नाही हे पक्कं माहीत असतं, रिक्त पदावर मात्र कोणीतरी यायचं असतं. म्हणून टाळावा.

मला विचाराल तर नल म्हणजे 'गाळलेली जागा', शाळेच्या पेपरातली. दोन गाळलेल्या जागा समोर ठेवून विचारलं की दोन्हीचं उत्तर एकच आहे का, तर हो म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) पण तेच करतं, नल बरोबर नल याचं उत्तर ना खरं ना खोटं, 'अननोन', आणि व्हेअरमधून (ओळी निवडायच्या अटीतून) फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे जातात म्हणून 'इज नल' लिहावं लागतं, बरोबरचं चिन्ह टाकलं की एकही ओळ येत नाही. शहर पुणे नाही अशी माणसं मागितली तर ज्यांचं शहर नल आहे ती पण गळतात, इथे भलेभले फसतात.

एक गोष्ट मात्र या शब्दात बसत नाही, 'लागू नाही' वाला नल. अविवाहिताच्या लग्नाची तारीख ही काही गाळलेली जागा नाही. १९७० मधे रिलेशनल मॉडेल (डेटा तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडणाऱ्या कॉडने १९९० च्या पुस्तकात या दोघांना वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, एसक्यूएलमधे एकच नल राहिला.

आणि ओरॅकल डेटाबेसवाल्यांनी जपून, तिथे एम्प्टी स्ट्रिंग घातली की नलच होते, तुमचं निरंक पुसून रकाना कोरा होतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमधे दोन्ही वेगळे राहतात.