आर्थिक नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण : वाचकांचे प्रश्न

आर्थिक नियोजनाच्या अभ्यासक्रमांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

मी बी.कॉम. असून नऊ वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. पुढे स्वतंत्र गुंतवणूक सल्लागार व्हायचे आहे. दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका करावी, सीएफपी (प्रमाणित आर्थिक नियोजकाचे प्रमाणपत्र) करावे, की एनआयएसएमच्या (राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या) परीक्षा द्याव्यात? एका खासगी संस्थेत पदविकेचे शुल्क दोन लाखांच्या वर सांगितले, आणि पदव्युत्तर शिक्षणाशिवाय सेबीची, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाची, नोंदणी मिळत नाही असेही सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

हे एके काळी बऱ्याच अंशी खरे होते, आता नाही. सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठीचे विनियम २०१३ मध्ये आणले आणि २०२० मध्ये ते कडक केले. तेव्हा सल्लागाराला वित्त किंवा तत्सम विषयातील पदव्युत्तर शिक्षण अथवा व्यावसायिक पात्रता, त्याशिवाय पाच वर्षांचा अनुभव आणि वैयक्तिक नोंदणीसाठी पाच लाख रुपयांची निव्वळ मालमत्ता दाखवावी लागत असे. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ही चौकट सैल झाली. वाणिज्य, अर्थशास्त्र, वित्त, बँकिंग अशा विषयांतील पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली आणि निव्वळ मालमत्तेच्या जागी ठेव आली. दीडशेपर्यंत ग्राहक असतील तर ही ठेव एक लाख रुपयांची आहे. तेव्हा केवळ नोंदणीसाठी आपल्याला दोन लाखांची पदविका घेण्याचे कारण उरलेले नाही. प्रवेश देणाऱ्या संस्थेला नियम बदलल्याची खबर उशिरा लागावी, यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही.

आपल्या पत्रात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच ओळीत आल्या आहेत, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. पदवी किंवा पदविका विद्यापीठ अथवा मान्यताप्राप्त संस्था देते आणि ती कायम राहते. सीएफपी हे प्रमाणपत्र आहे. भारतात ते एफपीएसबी इंडिया या आर्थिक नियोजकांच्या प्रमाणन मंडळामार्फत मिळते, त्यासाठी परीक्षांबरोबर कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, आणि नूतनीकरण करत राहिले तरच ते नावापुढे लावता येते. एनआयएसएम, म्हणजे सेबीने स्थापन केलेली आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आवार असलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, सल्लागारांसाठी एक्स-ए आणि एक्स-बी या दोन परीक्षा घेते. उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के गुण लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. सेबीची नोंदणी या तिन्हींहून निराळी आहे. ती म्हणजे शुल्क घेऊन सल्ला देण्याचा परवाना आहे, शिक्षण नव्हे.

आपल्या बाबतीत मी क्रम असा धरीन. आधी एक्स-ए आणि एक्स-बी द्याव्यात, कारण खर्च कमी आहे आणि हा विषय आपल्याला मानवतो की नाही हे काही महिन्यांत कळते. त्यानंतर सीएफपीकडे वळावे. गुंतवणूक, निवृत्ती व कर, जोखीम व वारसा असे विषय टप्प्याटप्प्याने घेऊन शेवटी एका कुटुंबाचा संपूर्ण आराखडा तयार करायला लावणारी सीएफपीची रचना, कर्ज विभागात केवळ परतफेडीच्या क्षमतेकडे पाहण्याची सवय झालेल्या माणसाला विशेष उपयोगी पडेल असे मला वाटते. सीए यांसारखी पात्रता असणाऱ्यांना थेट शेवटच्या टप्प्याकडे जाण्याची सोय आहे. आपण बँक कर्मचाऱ्यांसाठीची सीएआयआयबी ही परीक्षा दिली असल्यास ते त्यात धरले जाते का, हे एफपीएसबीकडून लेखी विचारून घ्यावे.

पदव्युत्तर पदवीच हवी असेल, म्हणजे पुढे शिकवायचे असेल किंवा मोठ्या संस्थेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागात जायचे असेल, तर विद्यापीठाचे एम.कॉम. किंवा एनआयएसएमचा किमान एक वर्षाचा पदव्युत्तर कार्यक्रम पाहावा. दूरस्थ अभ्यासक्रम घेताना तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे, याची खात्री स्वतः संकेतस्थळावर करावी. माहितीपत्रकातील 'मान्यताप्राप्त' हा शब्द पुरेसा मानू नये.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. अन्य नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून, पंचाहत्तर ग्राहकांच्या मर्यादेत, अर्धवेळ सल्लागार होण्याची सोय याच २०२४ च्या दुरुस्तीने केली आहे. मात्र तिला अटी आहेत, आणि बँकेत राहून तिचा लाभ घेता येईल असे गृहीत धरू नये. आपल्या बँकेचे सेवानियम आधी वाचावेत. अभ्यास नोकरीत राहून करता येतो, पण सल्ल्याचे शुल्क नोकरीत राहून घेता येईलच असे नाही.

मी इतिहासात एम.ए. केले असून शाळेत शिकवते. आर्थिक नियोजनाचा अभ्यास नीट, परीक्षा देऊन करावा असे वाटते. गणित कितपत लागते? मैत्रिणीकडून २०२३ सालची सर्व पुस्तके मिळाली आहेत, ती चालतील का? (एक शिक्षिका, सोलापूर)

गणित दहावीपलीकडचे फारसे नाही. चक्रवाढ व्याज, घातांक आणि एक वित्तीय गणकयंत्र किंवा संगणकावरील एक्सेल एवढ्यावर काम भागते. विद्यार्थी अडतात ते आकडेमोडीत नव्हे, तर कोणता दर कोठे लावायचा या निर्णयात. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

एका कुटुंबाचा आजचा खर्च महिना ५०,००० रुपये आहे, निवृत्तीला २० वर्षे आहेत, महागाई ६ टक्के धरली आहे, आणि निवृत्तीनंतर २५ वर्षांची तरतूद करायची असून त्या काळात पैशावर ८ टक्के परतावा मिळेल असे मानले आहे. वीस वर्षांनी हाच खर्च महिना सुमारे १,६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १९ लाख २४ हजार रुपये होतो. येथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात. पुढे जो विद्यार्थी सरळ ८ टक्के दराने २५ वर्षांच्या खर्चाचे वर्तमान मूल्य, म्हणजे त्यासाठी निवृत्तीच्या दिवशी हाताशी लागणारी रक्कम, काढतो, त्याचे उत्तर सुमारे २ कोटी २२ लाख येते. निवृत्तीच्या दिवशी महागाई थांबली, असे त्याने नकळत गृहीत धरलेले असते. खर्च पुढेही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणार आहे हे लक्षात घेतले, तर खरा दर १.०८ भागिले १.०६ वजा १, म्हणजे सुमारे १.८९ टक्के येतो, आणि वर्षारंभी रक्कम काढायची असे धरून लागणारा निधी सुमारे ३ कोटी ८८ लाख होतो. आठातून सहा वजा करून २ टक्के धरणाऱ्याला ३ कोटी ८३ लाख मिळतात. व्यवहारात हा फरक किरकोळ म्हणता येईल, पण बहुपर्यायी प्रश्नात ही तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापलेली असू शकतात. पहिली चूक मात्र किरकोळ नाही. तिच्यामुळे कुटुंबाचे पैसे वेळेच्या कितीतरी आधी संपतात.

पुस्तकांचे म्हणाल तर पैशाचे कालमूल्य, विम्याची गरज काढण्याच्या पद्धती आणि गुंतवणूकदाराची मानसिकता ही प्रकरणे खुशाल वाचावीत. करांचे पुस्तक मात्र बाजूला ठेवावे. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर १० वरून १२.५ टक्के आणि अल्पकालीन नफ्याचा १५ वरून २० टक्के झाला, तर दीर्घकालीन नफ्याची करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख झाली. त्याहून मोठा बदल म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ ने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले असून 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आले आहे. आपली परीक्षा कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा धरते हे परीक्षा मंडळाच्या सूचनेत पाहून मगच नवे पुस्तक घ्यावे.

मी मडगावात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते आणि सीएफपीचा अभ्यास करते आहे. वारसा नियोजनात हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ शिकवतात. आमच्याकडे तो लागू नाही. मग हा भाग कसा अभ्यासावा? (एक वाचक, मडगाव)

परीक्षेत विचारलेल्या कायद्याप्रमाणे उत्तर द्यावे. परंतु गोव्यातील ग्राहकाचा आराखडा त्या प्रकरणावरून कधीही करू नये, आणि हे गोव्याबाहेरच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे, आणि वारशाचा भाग आता गोवा विधिमंडळाच्या २०१२ च्या उत्तराधिकारविषयक कायद्यात आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. समजा अशी सामाईक मालमत्ता एक कोटीची आहे आणि मुले आहेत. पतीच्या मृत्यूनंतर पन्नास लाख पत्नीचेच असतात, ते वारशाने आलेले नसतात. उरलेल्या पन्नास लाखांपैकी निम्मा भाग कायद्याने मुलांसाठी राखीव असतो, म्हणजे मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतील असे पंचवीस लाखच उरतात. पाठ्यपुस्तकातील हिंदू गृहस्थ आपली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, आणि आपल्या गोव्यातील ग्राहकाला ती मुभा नाही.

आयकरातही याचा परिणाम आहे. या व्यवस्थेखालील पती-पत्नीचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न, उदाहरणार्थ घरभाडे किंवा व्याज, दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते, तर पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. जुन्या कायद्यात ही तरतूद कलम ५अ मध्ये होती. कार्यालयात आपण ही विभागणी करतच असाल. नियोजनात मात्र कोणाच्या नावावर ठेव ठेवली की कर वाचेल, हा मुंबई-पुण्यात नेहमी पडणारा प्रश्नच त्यामुळे बराचसा निकाली निघतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला आहे की, गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या भारतातील गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही वारशाचा हाच कायदा लागू होतो. त्या दाव्यातील मालमत्ता मुंबईत होती. तेव्हा गोवेकर कुटुंबाचा दादर किंवा गिरगावातला फ्लॅट समोर आला, तरी आधी अधिवास विचारावा आणि वकिलाचे मत घ्यावे.

मी म्युच्युअल फंड वितरक आहे. सीएफपी झाल्यावर फलकावर 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' असे लिहू शकतो का? (एक वाचक, ठाणे)

नाही. सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार', 'वेल्थ ॲडव्हायझर' किंवा त्यासारखे नाव वापरण्यास २०२० पासून मनाई आहे, आणि सीएफपी हे नोंदणीचा पर्याय नाही. नोंदणी घेतली तरी एकाच ग्राहकाकडून सल्ल्याचे शुल्क आणि त्याच्या गुंतवणुकीवरील वितरणाचे कमिशन अशी दोन्ही मिळकत चालत नाही. येथे ग्राहक म्हणजे तो आणि त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय मिळून एकच धरले जातात, त्यामुळे पतीला सल्ला आणि त्याच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या पत्नीला वितरण अशी वाटणीही करता येत नाही. सध्या फलकावर 'म्युच्युअल फंड वितरक' आणि आपला एआरएन (वितरक नोंदणीचा) क्रमांक लिहावा. सीएफपी मिळाल्यावर ते नावापुढे लावण्यास, एफपीएसबीचे नियम पाळून, हरकत नाही.