कुंडीतल्या लिंबाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत वाढवू का?

नको, उलट खत थांबवा. नव्या पानांवर असं हिरवं जाळं म्हणजे बहुधा लोहाची कमतरता; नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. मातीत लोह असतं, पण सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ७.५ च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. सामू वाढायचं कारण बहुतेक वेळा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी. थोडी माती काढून त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर ढवळा, अर्ध्या तासाने पीएच पट्टी बुडवा. लिंबाला ६ ते ७ चालतो. जास्त निघाला तर ईडीडीएचए चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) द्या, ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही. गंधकाने सामू उतरतो, पण सावकाश. व्हिनेगरचा उपाय मला पटत नाही, असर तात्पुरताच. आणि हो, पाणी साचून मुळं कुजली असतील तरी पानं अशी होतात. कुंडीचं भोक आधी बघा.