'गॉडफादर' की 'शॉशँक'? गुन्ह्यावरचा चित्रपट तोलायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: "मित्राशी वाद चालू आहे. त्याच्या मते जगातला सर्वोत्तम चित्रपट 'शॉशँक रिडेम्प्शन', माझ्या मते 'गॉडफादर'. मी गुन्हेगारी चित्रपटांची परीक्षणं लिहायला घेतली आहेत, पण दर वेळी कथा सांगण्यातच जागा संपते. एखादा चित्रपट खरंच मोठा आहे की नुसता गाजलेला, हे ओळखायचं कसं?"

आधी सरळ उत्तर देते. गुन्ह्यावरचा सर्वांत मोठा चित्रपट माझ्या लेखी 'एम', फ्रिट्झ लँगचा, १९३१चा, जर्मन. 'गॉडफादर' त्याच्या खाली, पण थोडाच खाली. 'शॉशँक'कडे शेवटी येते, कारण तुमच्या मित्राची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

मी ग्वाल्हेरची. तिथल्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजात वाढले. आमच्याकडे डाकू सिनेमात दिसायच्या कितीतरी आधी घरातल्या बोलण्यात यायचे. भिंड-मुरैनाकडून येणारी शेवटची बस कितीला, अंधार पडायच्या आत कोण परतलं, कोण राहिलं. माझी आत्या मुरैना जिल्ह्यात राहायची, आतोबा तिथल्या शाळेत मास्तर होते. थंडीत ती गजकाचे, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईचे, डबे घेऊन यायची आणि आम्ही मुलं गजक खात तिच्याकडून गोष्टी उकळायचो. एक गोष्ट मात्र ती सांगत नसे. ती मला खूप नंतर आईकडून कळली. त्यांच्या शेजारच्या घरातला मुलगा टोळीने 'पकड' म्हणून नेला होता. खंडणीसाठी पळवलेल्या माणसाला तिकडे पकडच म्हणतात. पैसे पोहोचले तोवर तो जिवंत नव्हता.

१९८०च्या दशकातल्या एका दिवाळीत आम्ही व्हीसीआर भाड्याने आणला. एका रात्रीत तीन कॅसेटी संपवायच्या, त्यामुळे सगळा वाडा बैठकीत जमलेला. दुसरी कॅसेट डाकूंची होती. नायक घोड्यावरून आला, गोळी सुटली, एक माणूस छपरावरून खाली कोसळला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आत्या मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "हा जो गिरला, त्याचं नाव काय गं?"

कुणालाच सांगता येईना. चित्रपटाने त्याला नावच दिलं नव्हतं. आत्या उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

त्या रात्रीपासून मी हाच प्रश्न घेऊन गुन्ह्याचे चित्रपट बघते. जो मेला, लुटला गेला, उचलला गेला, त्याचं चित्रपट पुढे काय करतो? त्याच्या घरी परत जातो का? गुन्हेगार मोठा दिसावा म्हणून त्याला नुसता कोसळवतो का? पडद्यावरचं रक्त किती, धक्के किती, शेवटी गुन्हेगार कोण निघाला, हे सगळं माझ्यासाठी त्यानंतर येतं.

आता 'एम' बघा. लहान मुलींचा खुनी शहरात मोकाट आहे. चित्रपट सुरू होतो तो एका आईपासून. ती कपडे धुतेय, मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय, टेबलावर ताट मांडलंय, भिंतीवरच्या घड्याळाने वेळ झाल्याचं सांगितलंय. मुलगी येत नाही. आई हाक मारते, "एल्सी!" त्या हाकेवर आपल्याला काय दिसतं? रिकामा जिना. कपडे वाळत घातलेला रिकामा माळा. मांडून ठेवलेलं रिकामं ताट. मग झुडपातून तिचा चेंडू घरंगळत बाहेर येतो, थांबतो. तिला घेऊन दिलेला फुगा विजेच्या खांबावरच्या तारांत अडकतो आणि वाऱ्याने निघून जातो. खून दाखवलेलाच नाही. लँगचा हा पहिला बोलपट, आणि आवाजाचं तंत्र नुकतं हाती आलेलं असताना त्याने सगळ्यांत मोठी जागा दिली ती उत्तर न मिळालेल्या हाकेला.

खुनी संगीतकार ग्रीगची एक धून शिट्टीवर वाजवतो, आणि फुगे विकणारा आंधळा त्या शिट्टीवरून त्याला ओळखतो. पोलिसांच्या धाडींनी धंदा बसल्यामुळे शहरातले चोर-दरोडेखोरच त्याला शोधून काढतात, तळघरात कोर्ट भरवतात. तिथे खुनी झालेला पीटर लॉरे गुडघ्यांवर येऊन ओरडतो की हे मी थांबवू शकत नाही, माझ्या आतलं मला पळवतं. इथे एखादा कच्चा दिग्दर्शक आपल्याला खुन्याची कीव आणायला लावून मोकळा झाला असता. लँग तसं होऊ देत नाही. शेवटी पडद्यावर आया आहेत, आणि एल्सीची आई एवढंच म्हणते की याने आमची मुलं परत येणार नाहीत. मी काही वर्षांपूर्वी आत्याला हा चित्रपट दाखवला, शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत. ती पूर्णवेळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मला म्हणाली, "त्या एल्सीच्या आईने ते ताट उचललं असेल का गं?"

नव्वदेक वर्षांपूर्वीच्या चित्रपटाने हे जमवलं, म्हणून तो माझ्या यादीत पहिला.

'गॉडफादर'ची ताकद मी नाकारत नाही. तुम्ही परीक्षण लिहाल तेव्हा बोनासेरा या एकाच माणसाचा धागा धरून बघा. चित्रपटाचं पहिलं वाक्य त्याचं आहे. अंधाऱ्या खोलीत तो आपल्या मुलीला झालेल्या मारहाणीचा न्याय मागतो. धंद्याने तो मृतांना सजवणारा. डॉन, म्हणजे गुन्हेगारी कुटुंबाचा प्रमुख, त्याचं काम करून देतो आणि म्हणतो, कधीतरी मी तुला एक काम सांगेन, कदाचित कधीच नाही सांगणार. आपल्याला वाटतं आता काहीतरी भयंकर मागणार. पुढे डॉनच्या थोरल्या मुलाला, सनीला, गोळ्यांनी चाळण करून मारतात, तेव्हा डॉन बोनासेराकडे येतो आणि मागतो ते हे: याच्या आईला हा अशा अवस्थेत दिसू नये, तुझं सगळं कसब लाव. दुसऱ्याच्या मुलीचं दुःख ऐकून घेताना जो राजा होता, तो इथे नुसता बाप उरतो. चित्रपटभर पसरलेला असा हिशेब मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय. छायालेखक गॉर्डन विलिसने वरून टाकलेल्या प्रकाशामुळे डॉन झालेल्या ब्रँडोचे डोळे कितीदा अंधारातच राहतात, तेही त्याच हिशेबाचा भाग आहे.

मग तो खाली का? कारण पहिल्या भागात त्या कुटुंबाबाहेरचा गरीब माणूस जवळजवळ नाहीच. ज्याच्या दुकानातून हप्ता जातो, ज्याचा पगार त्यांच्या जुगारात बुडतो, तो दिसत नाही. मरणारे बहुतेक त्याच धंद्यातले. दुसऱ्या भागात, १९७४मध्ये, दिग्दर्शक कपोलाने ही उणीव बरीच भरून काढली. तिथे फनुच्ची या गुंडाला हप्ता देणारी गल्ली आहे. पहिल्या भागात 'माफिया' हा शब्दसुद्धा नाही. इटालियन-अमेरिकनांच्या एका संघटनेच्या आग्रहावरून निर्मात्यांनी तो काढला. उरला शब्द 'कुटुंब', आणि आपण तीन तास त्या शब्दाच्या आत बसून राहतो.

शब्दाचं हे महत्त्व चंबळच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तिकडे 'डाकू' हा पोलिसांचा आणि शहराचा शब्द, 'बागी', म्हणजे बंडखोर, हा त्यांचा स्वतःचा. 'गॉडफादर' मार्च १९७२मध्ये अमेरिकेत लागला आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९७२मध्ये, आमच्यापासून थोड्याच अंतरावर जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्याबरोबरच्या बागींनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. ग्वाल्हेरात तेव्हा त्यांच्या पाया पडणारे होते, आणि ज्यांच्या घरचा माणूस गेला ते घरात बसून होते. दोन्ही माणसं एका चौकटीत घेणारा चित्रपट मला अजून हवा आहे.

त्याच्या सर्वांत जवळ गेला तो 'पानसिंग तोमर'. मुरैना जिल्ह्यातला फौजी, ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता, जमिनीच्या भांडणात बागी झाला आणि १९८१मध्ये चकमकीत मारला गेला. इरफान खान ठाण्यात तक्रार घेऊन जातो, आपली पदकं दाखवतो, आणि ठाणेदार ती क्षुल्लक ठरवतो. परीक्षण लिहिताना मी त्या एका प्रसंगावर दोन परिच्छेद लिहीन आणि कथा दोन ओळींत उरकेन. 'शोले'लाही हलकं समजू नका. तो लिहिणारे सलीम इंदूरचे, जावेद ग्वाल्हेरात जन्मलेले, त्यामुळे इकडे तो घरचाच मानतात. पण आमचे बीहड, म्हणजे चंबळच्या घळी, मातीचे आहेत आणि 'शोले'तले खडक कर्नाटकातल्या रामनगरचे. तरीही ठाकूर हवेलीत परततो, अंगणात पांढऱ्या चादरी घातलेले देह आहेत, वाऱ्याने त्या चादरी उडतात. आणि आंधळा इमाम विचारतो की इतकी शांतता का आहे. या दोन जागी तो चित्रपट आत्याच्या प्रश्नाला तोंड देतो. बाकीचा वेळ तो गब्बरच्या ताब्यात आहे.

बऱ्याच अंशी आपल्या मराठी माणसांनी घडवलेला, आणि आपणच त्याच्याबद्दल कमी बोलतो असा एक चित्रपट मात्र तुमच्या यादीत हवाच: 'अर्धसत्य', १९८३. भाषा हिंदी. पण मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता बडोद्यात जन्मलेल्या दिलीप चित्र्यांची, दिग्दर्शक गोविंद निहलानी, आणि रामा शेट्टी हा गुंड झालेले सदाशिव अमरापूरकर. ओम पुरींचा वेलणकर हा फौजदार रामा शेट्टीला हात लावू शकत नाही, म्हणून कोठडीतल्या एका किरकोळ चोराला मारतो, आणि तो चोर मरतो. तिथून पुढे वेलणकर त्या मेलेल्या माणसाच्या ओझ्याखालीच चालतो. शेवटी रामा शेट्टीचा गळा दाबला तेव्हा पूर्वी मी टाळी वाजवली असती. आता बघते तेव्हा तो चोर आठवतो आणि हात उचलत नाही. पोलिसांच्या मारझोडीवर टाळ्या घेणारे एवढे चित्रपट त्यानंतर आले, पण त्या टाळ्यांचा हिशेब तेंडुलकरांनी आधीच मांडून ठेवलेला आहे.

माझी ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. कुरोसावाच्या 'राशोमोन'पुढे (१९५०, पुढच्या वर्षी व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार) ती डगमगते. जंगलात एक दरोडेखोर, एक सामुराई, त्याची बायको; सामुराई मेलाय. प्रत्येक जण वेगळी हकीकत सांगतो, आणि कुरोसावा मेलेल्यालाही अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून साक्षीला उभं करतो. आणि तोही स्वतःची अब्रू राखून बोलतो! मृताकडे बघा, असं मी म्हणते, तर हा सांगतो की मृतावरही आंधळा विश्वास ठेवू नका. मुरैनाकडची एकच घटना मी तीन घरांतून तीन प्रकारे ऐकली आहे, त्यामुळे तो मला जपानी वाटतच नाही. ज्यांत सगळी मजा डावपेचांची असते, खून हा पटावरची सोंगटी असतो, अशा चित्रपटांनाही ही कसोटी लावणं अन्याय आहे. त्यांना त्यांच्या गणिताने तोला.

याद्यांचं म्हणाल तर त्यांच्यावर भांडण्यापेक्षा त्या एकाखाली एक ठेवून वाचा. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९५२ला पहिला 'बायसिकल थीव्ह्ज', १९६२ ते २००२ पाचही वेळा 'सिटिझन केन', २०१२ला 'व्हर्टिगो', २०२२ला शांताल आकरमनचा 'जान दीलमान'. या चारपैकी तीन चित्रपटांच्या पोटात गुन्हा आहे. 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये चोरी, 'व्हर्टिगो'त खुनाचा कट, 'जान दीलमान'मध्ये घरकाम करत तीन दिवस काढणाऱ्या बाईच्या हातून शेवटी घडणारा खून. एकालाही कुणी 'क्राइम फिल्म' म्हणत नाही. 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये सायकल गेलेला बाप शेवटी स्वतः सायकल चोरतो आणि लहान मुलगा ते बघतो. तुमच्या परीक्षणांच्या मालिकेत मी तो पहिल्या पाचात घेईन.

आता तुमच्या मित्राचा 'शॉशँक'. मैत्री, आशा, सुटका, हे सगळं त्यात मनापासून केलेलं आहे आणि प्रेक्षक त्यावर इतकी वर्षं जीव टाकतात त्याला कारण आहे. पण गोष्ट सुरू होते एका बाईच्या खुनापासून, नायक अँडीच्या बायकोच्या; त्याच खुनासाठी अँडी तुरुंगात आहे. तिच्याबद्दल चित्रपट फार थोडं बोलतो. एकदा मात्र अँडी भिंतीला टेकून रेडला, तुरुंगातल्या मित्राला, सांगतो की बंदूक मी चालवली नाही, पण तिला मी माझ्यापासून लांब लोटलं. तो प्रसंग मित्राला पुन्हा बघायला सांगा, आणि तुम्ही सनीचा देह आणलेला प्रसंग पुन्हा बघा. दोन्ही एका संध्याकाळी, लागोपाठ. मग भांडा. मी अजूनही 'गॉडफादर'च्याच बाजूने आहे.